नोंदवहीतले तास : एका नव्या अनुवादिकेचे पहिले चौदा महिने

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या लॅपटॉपवर एक नाकारलेली चाचणी उघडी होती. औषधाच्या माहितीपत्रकातला ३१० शब्दांचा उतारा, इंग्रजीतून मराठीत. अनुवादाची कामे वाटणाऱ्या एजन्सीने कारण दिले नव्हते, "सध्या आपली निवड होऊ शकली नाही" एवढीच एक ओळ होती. तिने विचारले, "ताई, माझं मराठी इतकं वाईट आहे का?"

हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, पण घडले ते असेच. मी बरीच वर्षे अनुवाद आणि रिव्ह्यू (दुसऱ्याने केलेला अनुवाद तपासणे) दोन्ही करते, आणि या कामात येऊ पाहणारे अनेक जण मला भेटतात. तिचे प्रकरण निवडले, कारण तिने पहिल्या दिवसापासून एक नोंदवही ठेवली. कुठल्या फाइलला किती तास लागले, याची. त्यामुळे आठवणींवर विसंबून न राहता आकड्यांवरून बोलता येते.

आधी तिची पार्श्वभूमी. औषधनिर्माणशास्त्राची पदवी. दोन वर्षे औषधांच्या काउंटरवर आणि नंतर चार वर्षे एका औषध कंपनीच्या दस्तऐवज विभागात. घरच्या जबाबदारीमुळे पूर्णवेळ नोकरी सोडावी लागली, तेव्हा घरी बसून करता येण्यासारखे काम म्हणून तिने अनुवाद निवडला. दोन महिन्यांत ४३ एजन्सींना एकच बायोडाटा पाठवला. त्यात लिहिले होते : वैद्यकीय, कायदेविषयक, तांत्रिक, आर्थिक, साहित्यिक, सर्व प्रकारचा अनुवाद करते. तीन उत्तरे आली. त्यांतून एक चाचणी मिळाली, आणि तीही गेली.

चाचणी

मी तिची चाचणी ओळ न् ओळ वाचली. एका ठिकाणी तिने लिहिले होते, "हे औषध तुम्हाला झोपाळूपणास कारणीभूत ठरू शकते." दुसऱ्या ठिकाणी, "जोपर्यंत तुमचा डॉक्टर तुम्हाला तसे करण्यास सांगत नाही तोपर्यंत हे औषध घेणे थांबवू नका."

मी विचारले, "काउंटरवर उभी असताना पेशंटला तू असं सांगायचीस?"

"नाही हो. 'या औषधाने गुंगी येईल, गाडी चालवू नका' असं सांगायचे. आणि 'डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका'."

"मग तेच का नाही लिहिलंस?"

ती गप्प बसली. नव्या अनुवादकांत हे मी फार वेळा पाहिले आहे. बोलताना ज्यांच्या तोंडी स्वच्छ मराठी असते, त्यांच्या हातून समोर इंग्रजी वाक्य आले की त्याच्या सांगाड्यावर मराठी शब्द चढवले जातात. औषध आपण "बंद" करतो. "घेणे थांबवत" नाही. हे तिला माहीत होते, दोन वर्षे ती रोज तेच बोलत होती. फक्त लिहिताना तिने ते बाजूला ठेवले, कारण मूळ वाक्यातला प्रत्येक शब्द कुठेतरी दिसायलाच हवा, अशी तिची समजूत होती. त्या दिवसापासून तिने एक सवय लावून घेतली. वाक्य वाचायचे, पडद्यावरून नजर काढायची, समोर पेशंट उभा आहे असे धरून ते मोठ्याने सांगायचे, आणि मगच टाइप करायचे. सुरुवातीला यात वेळ गेला. महिनाभरात तो भरून निघाला.

पण चाचणी केवळ भाषेमुळे गेली नव्हती. सोबत दोन पानी सूचनापत्र होते आणि ते तिने वरवर वाचले होते. आकडे आंतरराष्ट्रीय लिपीतच ठेवा असे त्यात स्पष्ट लिहिले होते, तिने सगळे देवनागरी केले. महिरपी कंसांतले प्लेसहोल्डर जसेच्या तसे ठेवायचे होते. त्यांच्या जागी नंतर संगणक रुग्णाचे नाव किंवा तारीख भरतो. तिने एक प्लेसहोल्डर अडगळ समजून काढून टाकला होता.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. उताऱ्यात वर "दिवसातून दोनदा" लिहिले होते आणि खाली "दर ८ तासांनी". दर ८ तासांनी म्हणजे दिवसातून तीनदा. चाचण्यांत अशी विसंगती कधी कधी मुद्दाम पेरलेली असते. तिने दोन्ही वाक्यांचा बिनचूक अनुवाद केला आणि फाइल पाठवून दिली. औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या बाईने! मी विचारले तेव्हा म्हणाली, "दिसलं होतं मला. पण मूळ मजकुरात चूक काढणं आपलं काम नाही असं वाटलं."

काम तिचेच होते. मूळ मजकूर आपण बदलायचा नसतो हे खरे. पण फाइलसोबत एका ओळीची क्वेरी, म्हणजे शंका, जायला हवी होती : अमुक सेगमेंट (टूलने पाडलेला मजकुराचा तुकडा, बहुधा एक वाक्य) आणि तमुक सेगमेंट यांतली मात्रा जुळत नाही, कृपया खात्री करा. चाचणी तपासणाऱ्याला त्या एका ओळीतून कळले असते की या व्यक्तीला विषय समजतो आणि ती डोळे उघडे ठेवून काम करते.

अनुभव नाही म्हणून काम नाही

पुढचा अडथळा नेहमीचाच. बहुतेक एजन्सींच्या फॉर्मवर किमान दोन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो. नवख्यांना हा अन्याय वाटतो. त्यामागचे कारण कळले की निदान रस्ता शोधता येतो. अनुवाद सेवांसाठी आयएसओ १७१०० हे मानक २०१५ साली आले. त्यात अनुवादकाच्या पात्रतेसाठी तीन पर्याय आहेत : अनुवादाचीच पदवी, किंवा दुसऱ्या विषयातली पदवी आणि दोन वर्षे पूर्णवेळ अनुवादाचा अनुभव, किंवा पदवी नसली तरी पाच वर्षे पूर्णवेळ अनुभव. प्रमाणपत्र घेतलेल्या एजन्सीला लेखापरीक्षणात हे पुरावे दाखवावे लागतात. म्हणून दोन वर्षांची अट येते. तुमच्या भाषेविषयी त्या अटीत काहीच म्हटलेले नसते.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. मानकाचे प्रमाणपत्र नसलेल्या लहान एजन्सींकडे जायचे, किंवा सिद्ध करता येईल असा अनुभव वेगळ्या मार्गाने जमवायचा. तिने दोन्ही केले. मानवतावादी संस्थांसाठी स्वयंसेवी अनुवाद करता येतो. ट्रान्सलेटर्स विदाउट बॉर्डर्स ही त्यांतली सर्वांत परिचित संस्था, तिची मुळे १९९३ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या उपक्रमात आहेत. अशा कामात शब्दसंख्येची नोंद राहते आणि काम तपासूनही मिळते. तीन महिन्यांत तिने आरोग्यविषयक सुमारे ११,००० शब्द केले.

फुकट कामाबद्दल माझे मत ठाम आहे, ते इथेच सांगते. गरजू लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला श्रम द्यावेत, जरूर द्यावेत. नफा कमावणाऱ्या एजन्सीने दोन हजार शब्दांची "चाचणी" मागितली तर मात्र नम्रपणे नाही म्हणावे. पारख करायला अडीचशे-तीनशे शब्द पुरतात.

दस्तऐवज विभागातली चार वर्षेही तिने बायोडाट्यात नीट मांडली. तिथे मानक कार्यपद्धतींचे मराठी मसुदे ती करत असे. पदाच्या नावात "अनुवादक" नव्हते म्हणून त्या कामाचा उल्लेख आधी नव्हताच! जुन्या वरिष्ठांकडून तिने त्या कामाचे पत्र आणले. पहिल्या बायोडाट्यातली ही सर्वांत मोठी चूक होती असे मला वाटते. जे हाताशी होते तेच तिने लपवले आणि जे येत नव्हते ते मिरवले.

नवा बायोडाटा एका पानाचा झाला. भाषाजोडी, विषय (औषधे आणि क्लिनिकल संशोधन, बाकी काही नाही), कोणते कॅट टूल (अनुवादाला मदत करणारे सॉफ्टवेअर) येते, दिवसाला किती शब्द. प्रोझ डॉट कॉम या १९९९ पासून चालणाऱ्या संकेतस्थळावर ब्लू बोर्ड म्हणून विभाग आहे. तिथे अनुवादक एजन्सींना गुण देतात, पुन्हा त्यांच्यासोबत काम कराल का या एका प्रश्नावर. तो पाहून तिने १२ एजन्सी निवडल्या आणि प्रत्येकीला वेगळे पत्र लिहिले. पाच उत्तरे, तीन चाचण्या. दोन चाचण्या पास झाली.

साधनांवर तिने सुरुवातीला काहीच खर्च केला नाही, आणि ते योग्यच होते. ओमेगाटी हे मोफत, मुक्त स्रोत टूल आहे. सेगमेंट, टॅग (मांडणीच्या खुणा), ट्रान्सलेशन मेमरी (जुन्या वाक्यांचा आणि त्यांच्या अनुवादांचा साठा), ग्लॉसरी (संज्ञांची यादी) या गोष्टी हाताखालून जायला ते पुरते. पुष्कळ एजन्सी आता ब्राउझरमध्ये चालणारे टूल वापरतात आणि त्याचे लॉगिन त्याच देतात. ट्रॅडॉस किंवा मेमोक्यू ही विकतची टूल घ्यायची वेळ आली तर ती सांगून येते : एखादी एजन्सी सतत काम देते आहे आणि तिला तेच टूल हवे आहे, तेव्हा.

पहिली मोठी फाइल

या चौदा महिन्यांतला सर्वांत शिकवून जाणारा भाग हाच, म्हणून त्यावर जरा रेंगाळते.

प्रोजेक्ट मॅनेजरचा, म्हणजे पीएमचा मेल आला : ६,२०० शब्द, तीन दिवस, जमेल का? तिने ६,२०० ला आपल्या दराने गुणले, खूश झाली, हो म्हणाली. मग पीओ, म्हणजे एजन्सीचा कामाचा लेखी आदेश, आला. त्यात शब्द होते ३,३१०.

तिचा संतापून फोन आला. मी म्हटले, "पीओला जोडलेला ॲनॅलिसिस तक्ता वाच."

तक्ता असा होता. पूर्णपणे नवे शब्द २,३००, त्यांना पूर्ण दर. मेमरीतल्या जुन्या वाक्यांशी ७५ ते ८४ टक्के जुळणारे ७०० शब्द, दराच्या ६० टक्के. ८५ ते ९९ टक्के जुळणारे ९००, दराच्या ४० टक्के. शंभर टक्के जुळणारे १,३०० आणि फाइलमध्येच पुन्हा पुन्हा येणारे १,०००, या दोहोंना १० टक्के. गुणाकार करा : २,३०० अधिक ४२० अधिक ३६० अधिक १३० अधिक १००. बेरीज ३,३१०. याला वेटेड शब्दसंख्या म्हणतात. एजन्सीने काही लपवले नव्हते. करार करतानाच ही टक्केवारी दिली होती, तिने सही करताना ती वाचली नव्हती इतकेच. प्रत्येक एजन्सीची टक्केवारी निराळी असते आणि सहीच्या आधी तिच्यावर बोलता येते. सहीनंतर फारसे नाही.

फाइल तिने पूर्ण केली आणि तास नोंदले. नव्या शब्दांना ९ तास. ७५ ते ८४ च्या गटाला दीड. ८५ ते ९९ च्या गटाला, म्हणजे ज्या ९०० शब्दांसाठी तिला फक्त ३६० शब्दांचे पैसे मिळणार होते त्यांना, तब्बल ४ तास. बाकीच्याला एक तास, क्वेरी आणि शेवटच्या वाचनाला दीड. एकूण १७. वेटेड हिशेबाने तासाला १९५ शब्दही पडले नाहीत.

८५ ते ९९ च्या गटात इतका वेळ का गेला? तिने मला एक सेगमेंट दाखवला. नवे इंग्रजी वाक्य आणि मेमरीतले जुने इंग्रजी वाक्य यांत फक्त एका नकाराचा फरक होता. टूलच्या दृष्टीने लांबलचक वाक्यात एक शब्द वेगळा, म्हणून ९२ टक्के जुळणी. टूलने जुना मराठी अनुवाद तयार करून पुढे ठेवला : "गोळी चावून खाल्ली तरी चालते." नव्या मजकुरानुसार हवे होते : "गोळी चावून खाऊ नये." ९२ टक्के जुळणी आणि अर्थ नेमका उलटा! हिरव्या रंगात उमटलेला तो तयार सेगमेंट एंटर दाबून पुढे ढकलायचा मोह किती होतो, हे हे काम करणाऱ्यालाच कळेल. तिने ढकलला नाही. तिला गोळी ठाऊक होती. आतड्यात पोचल्यावरच विरघळावे म्हणून वर आवरण दिलेल्या गोळ्या असतात, त्या चावल्या तर आवरणाचा उपयोगच संपतो.

शिवाय त्या मेमरीतले जुने अनुवाद तीन वेगवेगळ्या हातांचे होते. कुठे "गोळी", कुठे "टॅब्लेट", कुठे "वटी". शंभर टक्के जुळलेले सेगमेंट हात न लावता सोडावेत तर फाइल एकसंध राहत नाही, दुरुस्त करावेत तर पैसे दहा टक्केच. मी तिला सांगितले : आधी पीएमला विचार. मेमरीतल्या विसंगती दुरुस्त करायच्या असतील तर त्याचे तास वेगळे धरावे लागतील, नसतील तर त्यांच्याकडून तसे लेखी माग. तिने विचारले. उत्तर आले, शंभर टक्क्यांना हात लावू नका. ठीक आहे. निदान जबाबदारी कुणाची हे कागदावर आले.

पुढचे तीन महिने ती प्रत्येक फाइलचे तास लिहीत राहिली. औषधांच्या माहितीपत्रकांत तिचा वेग नव्या शब्दांना तासाला २५५ वरून ३१० वर गेला. मधेच तिने एक भाडेकरार घेतला होता, दर जास्त होता म्हणून. नोंदवहीत आकडा उतरला : तासाला १४० शब्द. दर जास्त असूनही दिवसाची कमाई कमी. शिवाय त्या कराराची रात्रभर धाकधूक. त्यानंतर तिने कायद्याचे काम घेतले नाही, आणि हा निर्णय घ्यायला तिला माझी गरज पडली नाही.

८२ गुण

पाचव्या महिन्यात एलक्यूएचा, म्हणजे भाषेच्या गुणवत्ता-तपासणीचा, अहवाल आला. एजन्सी अधूनमधून एखादी फाइल दुसऱ्या भाषातज्ज्ञाकडून तपासून घेते आणि चुका मोजते. अचूकता, परिभाषा, भाषा, शैली असे प्रकार आणि किरकोळ, मोठी, गंभीर अशा पायऱ्या. उत्तीर्ण व्हायला ९५ हवे होते, तिला ८२ पडले. २३ चुका.

तिने लिहिलेले पहिले उत्तर मी वाचले आणि पाठवू दिले नाही. त्यात वेदना खरी होती, पण पीएमला वेदनेचे काही करता येत नाही. मी म्हटले, तक्ता कर. प्रत्येक चुकीपुढे मान्य किंवा अमान्य, आणि अमान्य असेल तर एका वाक्यात कारण. आधी मान्य असलेल्या लिही.

११ मान्य निघाल्या. त्यांतल्या सहा शुद्धलेखनाच्या होत्या : "नियमीत", "परिक्षा", "शारिरीक" आणि त्याच घरातल्या आणखी तीन. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आणि १९७२ ची त्यांतली भर, इतकेच खरे तर पुरेसे असते. अठराच नियम आहेत. पण शाळेनंतर ते कुणी उघडून पाहत नाही. तिने ते पुन्हा वाचले, आणि आपण नेहमी चुकतो अशा शब्दांची यादी टूलच्या तपासणीत घातली. तेव्हापासून "नियमीत" दिसले की टूलच हाक मारते.

९ बदल केवळ पसंतीचे होते. तिने लिहिलेले "त्वरित" रिव्ह्यूअरने "ताबडतोब" केले, अशा प्रकारचे. स्टाइल गाइडमध्ये, म्हणजे लेखनशैलीच्या नियमावलीत, नियम नसेल तर पसंतीचा बदल चूक म्हणून मोजू नये, ही या व्यवसायातली मान्य पद्धत आहे. ते तिने एका ओळीत लिहिले.

उरलेल्या तीन ठिकाणी रिव्ह्यूअरच चुकला होता. तिन्ही जागी तिने क्लिनिकल चाचणीच्या संमतिपत्रात "प्रतिकूल घटना" लिहिले होते आणि त्याने ते "दुष्परिणाम" केले होते. वाचायला "दुष्परिणाम" सोपे, मराठी म्हणून चांगलेही. पण औषध संशोधनात या दोन संज्ञा वेगळ्या आहेत. औषध घेतल्यानंतर रुग्णाच्या बाबतीत जे काही वाईट घडते ती प्रतिकूल घटना, मग तिचा औषधाशी संबंध असो वा नसो. चाचणीतला रुग्ण जिन्यावरून पडला तर तीही नोंदवावीच लागते. तिला दुष्परिणाम म्हटले तर औषधामुळेच झाले असे आपण ठरवून टाकतो. तिने हे चार वाक्यांत लिहिले, आवाज न चढवता.

आठवड्याने सुधारित गुण आले, ९६. महिनाभराने त्याच एजन्सीने विचारले, औषधविषयक फाइलींचा रिव्ह्यू कराल का? मला याचे आश्चर्य वाटले नाही. स्वतःच्या ११ चुका आधी मान्य करणारा माणूस उरलेल्यांबद्दल बोलतो तेव्हा त्याचे ऐकले जाते.

यंत्राचा मसुदा

सातव्या महिन्यात पोस्ट-एडिटिंगचा प्रस्ताव आला : यंत्राने केलेला अनुवाद सुधारायचा, दर निम्मा. यासाठीही मानक आहे, आयएसओ १८५८७, २०१७ सालचे. संपूर्ण पोस्ट-एडिटिंग म्हणजे माणसाने केलेल्या अनुवादाच्या तोडीचा मजकूर. एजन्सीला तोच हवा होता, फक्त निम्म्या दरात.

ओळखीच्या अनुवादकांपैकी काहींनी तिला सांगितले, असल्या कामाला हातही लावू नकोस. मी म्हटले, घड्याळ लाव. तिने एजन्सीकडून नमुन्याला ५०० शब्द मागून घेतले आणि ते सुधारून पाहिले. वेग आला तासाला ४२० शब्द. स्वतः अनुवाद करताना ३१०. निम्म्या दराने ४२० म्हणजे पूर्ण दराचे २१०. ३१० शब्दांची कमाई सोडून २१० ची घ्यायची? दराच्या तीन चतुर्थांशाला ३१५ होतात, म्हणजे कुठे बरोबरी. तिने हाच हिशेब पीएमला पाठवला आणि तीन चतुर्थांश दर किंवा तासाचा दर मागितला. लांब संमतिपत्रांना तासाचा दर मिळाला, छोट्या पत्रकांना एजन्सीने नकार दिला आणि ती पत्रके तिने सोडली.

यंत्राचा मजकूर वाचायला गुळगुळीत असतो, आणि तिथेच भीती असते. तिच्या पहिल्याच फाइलमध्ये उपचार ठरवून काही काळ बंद ठेवण्याच्या संज्ञेचे यंत्राने "औषधाची सुट्टी" केले होते. ते लगेच डोळ्यांत खुपते, दुरुस्त होते. अवघड असते ते वाक्य, ज्यात यंत्राने "वगळता" गाळले आणि तरी वाक्य सुरेख वाचले गेले. म्हणून ती आधी इंग्रजी वाचते, मग यंत्राचे मराठी. उलट क्रमाने वाचले तर कान फसतो.

एक सांगायलाच हवे. एजन्सीची फाइल कुणीही वापरू शकेल अशा फुकटच्या भाषांतर-संकेतस्थळावर टाकू नये. गोपनीयतेच्या करारावर आपली सही असते आणि संमतिपत्रांत अजून जाहीर न झालेल्या औषधांची माहिती असते.

थकलेले पैसे

एका एजन्सीने तिचे तीन इनव्हॉइस बुडवले. मुदत महिनाअखेरपासून ४५ दिवसांची होती. ६० व्या दिवशी स्मरणपत्र, ७५ व्या दिवशी दुसरे, मग पीएमचा पत्ताच बंद. काम घेण्याआधी ब्लू बोर्ड पाहिला होता, पण जुने गुण. अलीकडचे पाहिले असते तर पैसे थकल्याच्या दोन तक्रारी दिसल्या असत्या. आता ती नव्या एजन्सीकडून पहिला इनव्हॉइस वसूल होईपर्यंत दुसरी मोठी फाइल घेत नाही, आणि पीओशिवाय एक शब्दही सुरू करत नाही. ते तीन इनव्हॉइस अजून थकलेलेच आहेत.

थेट ग्राहक

अकराव्या महिन्यात जुन्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याचा फोन आला. तो आता वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीत होता. रुग्णांसाठीच्या पुस्तिका मराठीत हव्या होत्या. दर एजन्सीच्या जवळजवळ दुप्पट. तिने हो म्हणण्याआधी मला फोन केला, याचे मला फार बरे वाटले. एजन्सीच्या करारात कलम असते की आमच्यामार्फत माहीत झालेल्या ग्राहकाकडून ठरावीक काळ थेट काम घेऊ नये. तिने दोन्ही करार काढून वाचले, कामांची जुनी यादी तपासली. या कंपनीचे नाव कुठेच नव्हते. मार्ग मोकळा होता.

थेट कामात पीएम नसतो. म्हणजे फाइलची विभागणी, मुदत, मांडणीतला फाँट, जोडाक्षरे फुटली का हे पाहणे, सगळे तिच्यावर. आणि दुसरी नजर? आयएसओ १७१०० मध्ये प्रत्येक अनुवाद दुसऱ्या व्यक्तीने मुळाशी ताडून पाहणे बंधनकारक आहे. एजन्सीच्या पैशांतला काही भाग त्यासाठीच जातो. तिने ग्राहकाला दिलेल्या दरपत्रकात तपासणीची वेगळी ओळ घातली आणि ते काम मला दिले. पैसेही दिले. मी घेतले, आणि इतर कुणाचे तपासते तितक्याच कडकपणे तपासले.

दुसऱ्या पुस्तिकेच्या वेळी, चौदाव्या महिन्यात, अनुवादासोबत तिची क्वेरींची यादी आली. सात प्रश्न. चौथा असा होता : "पान ६ वर उपकरणासोबतचे औषध रिकाम्या पोटी घ्यावे असे आहे, पान १९ वरच्या तक्त्यात जेवणासोबत. या औषधाच्या बाबतीत दोन्ही बरोबर असू शकत नाही. कोणते ठेवायचे?"

ग्राहकाच्या वैद्यकीय विभागाने दोन दिवस घेतले. मग इंग्रजी पुस्तिकेची नवी आवृत्ती आली, पान १९ दुरुस्त करून. सोबतच्या मेलमध्ये लिहिले होते की बाकीच्या पाच भाषांच्या अनुवादकांनाही आता नवी फाइल पाठवली आहे.